एकच कोट, नवरदेव बक्कळ

वैनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो. हातातली शिवण पुरी करूनच उठलो. लोकांनी नावं ठेवली. ठेवू द्या. अर्धी शिवण टाकून गेलो असतो, तर वैनीनं तिरडीवरूनच झापलं असतं.

थोरला भाऊ वारल्यावर वैनीनं चाकूरच्या बाजारात झबली-फ्रॉक अन् आहेराच्या वस्तूंचं दुकान टाकलं. मी त्याच ओट्यावर शिलाईला बसायचो. मग बहात्तरचा दुष्काळ आला. गिऱ्हाईक दुष्काळी कामावर खडी फोडायलं होतं, फ्रॉक कोण घेणार? पण लग्नं थांबली न्हाईत. वैनी म्हणली, "भावजी, नवरदेवाचा एक कोट शिवा. हडकुळ्यालाबी व्हावा अन् ढेरीवाल्यालाबी." मी शिवणीत बक्कळ कापड सोडून बदामी कोट शिवला. नवरदेव बघून उसवायचा, न्हाईतर आवळायचा. असं काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे सांगायला मी लाजत न्हाई. कोट भाड्यानं जायचा अन् त्याच्यावर दुकान तगायचं.

एकदा एक मालदार आसामी जाडजूड लेकाला घेऊन आला. कोट बघून म्हणला, "ह्यो परवा बौद्धवाड्यातल्या पोराच्या अंगात होता. दुसरा काढा."

वैनी म्हणली, "दुसरा न्हाई. कोट एकच, नवरदेव बक्कळ."

"धुतला तरी का?"

"आधी तुमच्या लेकाला धुतलंय का सांगा, मग कोटाचं सांगते."

आसामी भडकला. त्यानं गावोगाव अशी बोंब मारली, की कोट खुंटीवरच राहिला. दुकानाच्या फळ्या कायमच्या लागायची पाळी आली. अन् लग्नाच्या आदल्या दिवशी तोच नवरदेव एकटा दारात! लातूर पालथं घातलं, पण त्याच्या ढेरीवर एकबी कोट बसला न्हाई. मी म्हणलो, "देऊन टाका वैनी. दुकान बुडंल."

"बुडू द्या. ह्याच्या बापानं यावं अन् कोट आपल्या खांद्यावर टाकून न्यावा."

बाप आला. भर बाजाराच्या दिवशी, कोट खांद्यावर टाकून, मान खाली घालून गेला… दुसऱ्या दिवसापासून कोटाला उसंत न्हाई.

पुढं लातूर जिल्हा झाला. साहेबलोक आले, दुकानात भिंतीवरची घड्याळं अन् काचेची हरणं आली. ज्याचा त्याचा सूट झाला. मग लग्नसराईत आम्ही दोघं ओट्यावर बसून वराती बघायचो. मी म्हणायचो, "काखेत ओढतोय." वैनी म्हणायची, "अन् खांद्यात ढिला."

परवा एक वरात गेली. कोट काखेत ओढत होता. मी मोठ्यानं बोललो… अन् सवयीनं थांबलो. वाजंत्री पार चौकाच्या पल्याड गेली. मग खांद्याचंबी मीच बोललो.