जगरूप नुकुदामूला गेला तो दिवस

फिजीतल्या नांदीच्या विमानतळावरून बंदरापर्यंत जगरूपनं अर्ध्या जगाची माणसं नेऊन सोडली असतील. ऑस्ट्रेलियाची, जपानची, कुठली कुठली. बंदरावर त्यांच्या बॅगा उतरवायच्या, 'बुला' हा तिथला रामराम घालायचा, 'मजा करा' म्हणायचं आणि गाडी वळवायची. समोर बोटी उभ्या असायच्या, पलीकडे बेटांचे ठिपके दिसायचे. पण धक्क्याच्या कडेला कधी जगरूप गेला नाही. टॅक्सीवाले सोबती चेष्टा करायचे, "जगरूपभाई गाडीला पाणी घालतात तेही डोळे मिटून."

चेष्टा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं, की हे हसण्यासारखं नाही. त्याचा थोरला मुलगा विनेश दोस्तांबरोबर मासे धरायला गेला होता. खडकांमधल्या खिंडीत होडी उलटली. बाकीचे आले, विनेश आला नाही. तीन दिवस जगरूप वाळूत बसून होता. त्यानंतर त्याच्या सबेतो गावातल्या घरात मासा शिजला नाही, आणि धाकटी शिवांजनी, घरातली अंजू, तेव्हा शाळकरी पोर, तिला जगरूपनं देवासमोर उभं करून वदवून घेतलं की मी समुद्रात पाय घालणार नाही.

तीच शिवांजनी आता नुकुदामू बेटावरच्या रिसॉर्टमध्ये नोकरीला होती. ऑफिसात, हिशोबाच्या कामावर. बेट म्हटल्यावर जगरूपनं आधी नाही म्हटलं होतं. पण ती म्हणाली, "पापा, दिवसभर एसीत बसायचं. समुद्र खिडकीतून दिसला तर दिसला." पोरगी महिन्यातून एकदा घरी यायची, आई कलावतीसाठी साबण-शाम्पूच्या छोट्या बाटल्या आणायची. दिसायला काळवंडली होती खरी. कलावती म्हणायची, बोटीच्या येण्याजाण्यानं होत असेल.

मग एक दिवस बंदरावरून विमानतळाकडे निघालेली एक बाई गाडीत बसली. उन्हानं नाक सोललेलं, आनंदानं नुसती उतू चाललेली. "आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली गेले," म्हणाली. "शिकवणारी पोरगी काय धीराची! बघा, बघा." आणि सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं फोन पुढे केला. बोटीच्या काठावर काळा रबरी पोशाख घातलेली, पाठीवर हवेची टाकी बांधलेली एक मुलगी हसत होती. दोन्ही हातांनी वेणी वर उचलून धरलेली.

मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली. बाईनं विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," जगरूप म्हणाला. "छान फोटो आहे."

घरी त्यानं अवाक्षर काढलं नाही. अंजूला फोनही केला नाही. चोर धरायचा तर आधी आरोळी ठोकतात का? आणि मनाच्या एका कोपऱ्यात अजून वाटत होतं, की माणसासारखं माणूस असतं. कुणाची तरी दुसऱ्याची पोर असेल. मंगळवारी धंदा सुस्त. कलावतीनं नेहमीसारखी रोटी आणि भोपळ्याची भाजी कागदात बांधून दिली. जगरूपनं गाडी बंदरावर सावलीत लावली, दिवसभराच्या सहलीचं तिकीट काढलं आणि डोळे समोर ठेवून बोटीत चढला.

बोट सुटली तशी त्यानं पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. दोर गुंडाळणारा तरणाबांड फिजीयन खलाशी येता-जाता बघत होता. शेवटी म्हणाला, "काका, सीट उपटून घरी न्यायचीय का? सांगा, मी स्क्रू ढिले करून देतो." आजूबाजूचे हसले. जगरूपही हसला, पण हात सुटले नाहीत.

बेटावर गिटार वाजवत गाणारी माणसं उभी होती. एकीनं त्याच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातली. "बुला! एकटेच? मॅडम कुठेत?"

"घरी."

"म्हणजे पळून आलात!" ती खळखळून हसली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

जगरूप चालू लागला. अंगात लाल जास्वंदीच्या फुलांचा शर्ट, खाली काळी पँट आणि गाडी चालवताना घालायचे बूट. पोहण्याच्या तलावाभोवती माणसं मिठात वाळवायला ठेवलेल्या माशांसारखी ओळीनं पडली होती. त्यांच्यामधून जाताना त्याला आपणच उघडे असल्यासारखं वाटलं. कुणाकडे बघावं कळेना, म्हणून तो झाडांकडे बघत चालला. नारळ, चाफा, पुन्हा नारळ. नारळांच्या झाडांवरचे नारळही काढून टाकलेले, पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. त्याला ती झाडं नागव्यासारखी दिसली.

ऑफिस सापडलं. काचेआड दोन मुली बसलेल्या. एक फिजीयन, एक चष्मेवाली हिंदुस्थानी. त्याची पोर नव्हे. तो दारापुढून एकदा गेला, मग उगाच चप्पल-टोप्यांच्या दुकानापाशी रेंगाळून परत आला. आता तिथे फक्त चष्मेवाली होती. आत जाऊन विचारलं असतं तर एका शब्दाचं काम होतं. पण पाय उचलेना. नाव घेतलं आणि पोरीच्या नोकरीवर आलं तर? आणि नाव घेतल्यावर ती चष्मेवाली नुसती हसून म्हणाली, 'अंजू होय? ती इथे कुठली,' तर?

तो ऑफिसामागच्या वाटेनं वर निघाला. कपडे धुण्याच्या शेडचा गरम वास आला, मग स्वयंपाकघराचा. कुंपण कापणारा एक माळी त्याला बघून थांबला. त्याच्या कानावर चाफ्याचं फूल खोचलेलं होतं.

"काका, पुढे कामगारांच्या खोल्या आहेत. बघण्यासारखं काही नाही. आमच्या चड्ड्या वाळत घातल्यात, तेवढ्याच."

"मग टेकडीवर?"

"टेकडीवर जा की. पण या बुटात? तुम्ही बुटांना नेताय की बूट तुम्हाला?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "लवकर या खाली. पलीकडनं वारा उठतोय."

चढण खडी होती. बुटांचे तळवे दगडांवर घसरत होते, शर्ट पाठीला चिकटला. वर पोचला तेव्हा त्याला बेटाची दुसरी बाजू दिसली, आणि तो जागीच थांबला. अलीकडचं पाणी काचेसारखं निळं होतं. हे काळं होतं. लांबवर प्रवाळाच्या भिंतीवर लाटा फुटत होत्या, तिची पांढरी रेघ मध्येच तुटलेली. खिंड. तशीच खिंड.

खिंडीजवळ एक बोट नांगरून उभी होती. तिच्यावरची काळ्या पोशाखातली माणसं एकेक करून पाण्यात पडत होती आणि नाहीशी होत होती. शेवटची काठावर बसली. तिनं दोन्ही हातांनी वेणी वर उचलली, मानेमागे काहीतरी सारखं केलं, आणि उलटी, पाठीवर, समुद्रात गेली.

जगरूप ओरडला. काय ओरडला ते त्यालाही कळलं नाही. ऐकायला तिथे होतं तरी कोण?

वळवाच्या सरीसारखा एक करडा पडदा दक्षिणेकडून पाण्यावरून सरकत आला. आधी पांढरी रेघ पुसली गेली, मग खिंड, मग बोट. मग पाऊस टेकडीवर आला आणि त्याला स्वतःचे हातही नीट दिसेनात. तो त्याच बाजूच्या उतारावरून धावत सुटला. एकदा घसरून पडला, तळहात सोलून निघाले. रोटीचं पुडकं कुठे पडलं, कळलं नाही.

खाली किनाऱ्यावर पानांनी शाकारलेली एक मोठी खोप होती. भिंतीला हवेच्या टाक्या टेकवलेल्या, आणि वायरलेसपुढे एक जाडजूड, केस पिकलेली फिजीयन बाई बसलेली. ती बटण दाबून तीच तीच हाक घालत होती. "सिती, सिती, बोल." समोरून नुसती खरखर.

तिनं वर पाहिलं. "काका, पावसात काय करताय? जा, तिकडे बारमध्ये बसा."

"बोट का बोलत नाही?"

"सर आली की असंच होतं. तुमचं कुणी आहे का बोटीवर?"

"नाही," जगरूपच्या तोंडून गेलं.  त्यानं खांब धरला. "आहे. माझी मुलगी. शिवांजनी."

बाई उभीच राहिली. "अंजू? म्हणजे तू अंजूचा बाप? अरे देवा! मला तर तिनं पढवून ठेवलंय, बाप आला तर सांग, अंजू हिशोब करतेय म्हणून. हिशोब कसला! तिच्या चहाचे पैसे मी मोजते." हसायला गेली, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू मावळलं. तिनं खुर्ची ओढली. "बस. मी विलिमाइना. पोरीला मी लेक मानते."

तेवढ्यात खरखरीतून आवाज फुटला. बोटवाला सिती होता. "विली, खाली पाण्याची ओढ फार वाढली. मी सगळ्यांना वर घेतलंय. एक पाहुणा वाहवत गेला, न्यूझीलंडचा पोरगा. अंजू त्याच्यामागे गेली. दोघं दिसत नाहीत. ऐकतेस? दोघं दिसत नाहीत."

 विलिमाइनानं वायरलेसवर भराभर सूचना दिल्या. लहान बोट काढा, खिंडीबाहेर जा, भूशिराकडे बघत या. दोन पोरं धावत आली आणि बोट पाण्यात ढकलू लागली. जगरूप त्यांच्यामागे गुडघाभर पाण्यात शिरला. बुटांसकट, पँटीसकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

विलिमाइनानं त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "पोहता येतं?"

"नाही."

"मग काय करणार? त्यांना तिघं शोधायला लावशील?" ती त्याला हलवून म्हणाली, "ऐक. पाणी इथून भूशिराकडे ओढतं. ती वर आली तर त्या टोकाच्या समोर येईल. तुझे डोळे चांगले आहेत ना? गाडी चालवतोस ना? मग तिथे जा आणि बघत राहा. मला वायरलेस सोडता येत नाही."

किनाऱ्यावरून टोकापर्यंत वाट नव्हतीच. प्रवाळाचे धारदार दगड, मध्ये मध्ये भरतीचं पाणी घुसलेलं. जगरूप हातापायांवर चालला. एका जागी लाट कमरेपर्यंत आली आणि तो खडकाला मिठी मारून राहिला, लाट ओसरेपर्यंत. त्याला विनेशचं नाव आठवलं नाही, देवाचं आठवलं नाही. फक्त डोळे उघडे ठेवायचे, एवढंच डोक्यात होतं.

टोकावर पोचला. सर विरत चालली होती. लाटा, लाटा, फेस, पुन्हा लाटा. मग दूर, त्याच्या उजव्या हाताला, एक नारिंगी काडी उभी राहिली. लाटेआड गेली, पुन्हा उभी राहिली. ते काय असतं त्याला ठाऊक नव्हतं. कोळ्याच्या जाळ्याचं काही असेल, वाहून आलेला बांबू असेल. पण त्या सगळ्या करड्या पाण्यात तेवढीच एक वस्तू माणसानं केल्यासारखी दिसत होती. त्यानं अंगातला लाल शर्ट ओरबाडून काढला, खडकावर उभा राहिला आणि लहान बोटीच्या दिशेनं तो शर्ट फिरवत, दुसऱ्या हातानं काडीकडे दाखवत, घसा फाटेस्तोवर ओरडत राहिला.

बोट वळली. काडीपाशी थांबली. वाकलेली माणसं दिसली. कुणालातरी वर ओढलं. मग बराच वेळ काहीच नाही, असं त्याला वाटलं. मग दुसऱ्या कुणाला ओढलं, आणि त्या दुसऱ्या व्यक्तीनं बोटीत उभं राहून पाठीवरची टाकी आपली आपण उतरवली.

तो परत खोपीपाशी पोचला तेव्हा न्यूझीलंडचा पोरगा वाळूत पालथा पडून ओकत होता आणि शिवांजनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तिचे ओठ निळे पडले होते. तिनं मान वर केली. समोर बाप उभा, बनियनवर, गुडघे फुटलेले, हातात भिजलेला शर्ट.

"पापा," ती हळूच म्हणाली. "शर्ट घाला. लोक बघतायत."

"बघू देत."

सितीनं नांगर टाकता टाकता वातावरण हलकं करायला म्हटलं, "काका, अंजूनं हवा भरून उभी केलेली नारिंगी नळी आम्हाला तुमच्याआधी दिसली होती हं. पण शर्ट झकास फिरवलात. विमान उतरवाल तुम्ही!"

कुणी हसलं नाही. विलिमाइनानं त्या पोराला पांघरुणात गुंडाळून आत नेलं आणि बापलेकीला तिथेच सोडलं.

"देवासमोर वदली होतीस," जगरूप म्हणाला. आवाज बसलेला होता.

"वदले होते."

"आणि चार वर्षं मला, मम्मीला तोंडावर खोटं."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही जेवला असता? झोपला असता?"

"उलट उत्तरं देऊ नकोस! आत्ता तू आली नसतीस तर मी घरी जाऊन मम्मीला काय सांगितलं असतं? सांग! दुसऱ्यांदा काय सांगितलं असतं?"

ती रडू लागली, पण बोलायची थांबली नाही. "दादाला शोधायला कुणी खाली गेलं नव्हतं, पापा. मी होते तिथे. तुमच्याच शेजारी बसले होते, तुम्हाला आठवतही नसेल. सगळे वरून बोटी फिरवत होते, कारण खाली जाता येणारं कुणी नव्हतंच. तीन दिवस. होडी उलटली तिथून तो इतक्या जवळ निघाला शेवटी." तिनं मनगटानं नाक पुसलं. "तेव्हाच ठरवलं होतं. तुमच्यापुढे वदताना पण ठरलेलंच होतं."

 ती शेजारी होती हे जगरूपला खरंच आठवत नव्हतं. त्यानं खूप प्रयत्न केला. वाळू आठवली, लोकांचे पाय आठवले. पोर आठवली नाही. तो खाली बसला. ती सरकत शेजारी आली, आणि थंडीनं तिचे दात वाजायला लागले तसा त्यानं तो ओला शर्टच तिच्या खांद्यावर टाकला.

परतीच्या बोटीचा भोंगा झाला. त्यानं परवानगी दिली नाही, नोकरी सोड असंही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "तुझ्या मम्मीला मी सांगणार नाही. तू रविवारी ये आणि तू सांग."

ती रविवारी आली. कलावती पोळपाटावर रोटी लाटत होती. ऐकून घेतलं, लाटणं बाजूला ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी दार उघडलं ते जगरूपवर आग पाखडायला. "डोळ्यांनी बघून आलात आणि पोरीला तिथेच ठेवून आलात? तुम्ही बाप आहात की कोण?"  पुढचे कित्येक दिवस त्या घरात माणसं एकमेकांशी मोजकंच बोलली. शिवांजनी बेटावर परत गेली.

जगरूप त्यानंतर कधी बोटीत बसलेला नाही. पण आता तो बंदरावर गाडी वळवायच्या आधी उतरून धक्क्याच्या कडेपर्यंत जातो, बेटांकडचं आभाळ बघतो. दक्षिणेकडे करडं दिसलं की विलिमाइनाला फोन लावतो. ती आता त्याचं बोलणं सुरू व्हायचीही वाट बघत नाही. "वर आलीय," म्हणते, "चहा पितेय, पैसे मीच देतेय. ठेव फोन, गिऱ्हाईक बघ."