दोनदा उलटलेला आकडा

निजामाच्या शहरात, हिमायतनगरच्या आमच्या ऑफिसात, एक नियम होता: परदेशातल्या क्लायंटला प्रश्न विचारायचा नाही. बाहेरची कामं तेव्हा नुकती यायला लागली होती आणि साहेबांना एकच धास्ती. "कैकु पूछना? उनको लगता, अपनेको आता नै." डोंबल! त्या नियमाचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

माझ्या शेजारी बसणारा सहकारी नांदेडकडचा, घरातला पहिला पगारदार, अजून प्रोबेशनवर. हे काम जमलं की नोकरी पक्की, मग गावाकडे एकटी राहणारी आई इकडे आणायची. मलकपेठेत खोलीसुद्धा बघून ठेवली होती त्यानं.

काम असं, की एका संगणकाच्या पोटात दुसरा, नुसता प्रोग्रामनं उभा केलेला संगणक चालवायचा. आतल्याला डिस्कवर लिहिता यावं म्हणून ड्रायव्हर, म्हणजे मधला दुवा जोडणारा छोटा प्रोग्राम, हवा. तो यानं लिहिला. मेख एवढीच, की आतलं मशीन आकड्याचे बाइट, म्हणजे तुकडे, मोठ्याकडून मांडायचं, बाहेरचं धाकट्याकडून. एकाचे पंचवीस ते दुसऱ्याचे बावन्न. मध्ये कुणीतरी एकदाच उलटवायला हवं. आपण की क्लायंट? त्यांच्या कागदांत ते कुठंच नव्हतं.

"सर, त्यांना मेल टाकू का?" यानं माझ्यासमोर विचारलं.

"नक्को. तूच उलटा करके डाल, खतम."

क्लायंटच्या बाजूचा प्रोग्राम आमच्याकडे नव्हताच. चाचणीला त्याच्या जागी आमचाच एक बदली प्रोग्राम, तो काही उलटवत नव्हता. त्यामुळे चाचणी झकास झाली. "सुटलास रे बाबा!" मी म्हटलं. त्यानं लगेच एसटीडी बूथवरून आईला निरोप धाडला.

आई आली, आणि पाठोपाठ क्लायंटकडून बोंब आली. त्यांची बाजूही उलटवत होती. दोनदा उलटलेला आकडा होता तसाच राहिला, ड्रायव्हर भलत्याच जागी लिहीत सुटला, त्यांच्या डिस्कची पार वाट लागली. साहेबांनी हात झटकले आणि याला घरी बसवलं. मी तावातावानं भांडले. उपयोग शून्य.

रविवारी मलकपेठेत गेले. बोचकी अजून सोडलेली नव्हती. त्याच्या आईनं मला जेवायला बसवलं.

"पोरी, ह्यानं इचारलं व्हतं ना सायबाला?"

"हो मावशी. माझ्यासमोर."

"मंग?"

मला रडूच कोसळलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि उठून बोचकी दाराशी नेऊन ठेवायला लागली.