नाव घातलेल्या वाट्या

माझी नोकरी गेली हे बाहेर कुणालाही कळता कामा नये, असं मी बायकोला बजावलं होतं. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या आपल्या मंडळींत बातमी पसरायला एक कप चहा पुरतो. कुणी विचारलंच तर 'वर्क फ्रॉम होम' सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती हॉस्पिटलमध्ये शिफ्टला जायची आणि मी स्वयंपाकघर मांडायला घेतलं. टेकअवे बंद, रेडिमेड पोळ्या बंद, सगळं घरचं.

खरं सांगतो, मला त्यात मजा यायला लागली होती. कणकेचं मोठं पोतं आणलं. डाळी टेकअवेच्याच धुतलेल्या डब्यांत भरल्या. थंडीत दही लागेना, तर विरजलेलं पातेलं बॉयलरच्या कपाटात ठेवायला लागलो. मागच्या अंगणात मेथी पेरली. नवीन भांडी घ्यायला मात्र मन होईना, म्हणून चॅरिटी शॉप्स, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तूंची दुकानं, पालथी घातली. एका दुकानात शिट्टीसकट कुकर मिळाला आणि तिथेच खालच्या फळीवर स्टीलच्या वाट्या. चांगल्या जाड. काठाखाली देवनागरीत नाव घातलेलं, 'सौ.' आणि पुढे कुणा बाईचं नाव. घबाड मिळाल्यासारखा घरी आलो. ही बाई कोण, तिच्या वाट्या इथे कशा, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

आम्ही या गावात आल्यापासून एक काकू आमच्यावर माया करायच्या. त्या एकदा सहज आल्या, भरलेले डबे बघून म्हणाल्या, "अरे वा, काय संसार मांडलायस!" वाट्या कपाटात मागे होत्या, त्या त्यांना दिसल्या नाहीत. मी आपला फुशारून म्हणालो, "भांडी सगळी आईने पुण्याहून पाठवलीत." गरज होती का? पण चॅरिटी शॉप म्हटलं की 'का रे बाबा?' आलंच. आणि थाप पचली म्हटल्यावर मी शहाणा त्यांना आणि काकांना जेवायलाच बोलावून बसलो.

काकांचं लहानपण इथलंच, मराठी तोडकंमोडकं. मी आमटी वाढली. दोन घास झाले आणि त्यांनी वाटी उचलून दिव्याकडे धरली.

"हा वाटी माझ्या आईचा आहे," ते म्हणाले. "मला मराठी वाचायला नाही येत. पण हे नाव येतं. ममने शिकवलं होतं."

काकूंचा घास हातातच राहिला. बायको माझ्याकडे बघायला लागली. आणि मला वाटलं, झालं, फुटलं आपलं बिंग. त्या नावाच्या बायका काय जगात कमी आहेत? 'माझ्या आजीचंही हेच नाव' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझी जीभ सुटली ती सुटलीच. आईने काही पाठवलेलं नाही, वाट्या चॅरिटी शॉपमधल्या आहेत, माझी नोकरी काही महिन्यांपूर्वीच गेलीय, आम्ही सगळ्यांशी खोटं बोलतोय, सगळं ओकून मोकळा झालो. शरमेने मान वर होत नव्हती.

काकांनी त्यातलं काही ऐकलंच नसावं. ते काकूंकडे वळले.

"तू तर म्हणाली, ममची भांडी लॉफ्टमध्ये आहेत."

काकूंनी हातातला घास ताटात परत ठेवला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण आता काय उपयोग? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण तसंच राहिलं. मी वाट्या धुतल्या, पुसल्या आणि पिशवीत घालून काकांना दिल्या. ते पिशवी छातीशी धरून गाडीत जाऊन बसले. दारात काकूंना कोटाची बाही सापडेना. मी कोट धरला. त्यांनी हात घातला, बटणं लावली आणि माझ्याकडे न बघता हळू म्हणाल्या, "इतके महिने खोटं बोललास. आणखी एक रात्र जमलं नसतं का रे?"