दोन सूसै, एक ओळ

मटिल्डा काही तोंडाळ बाई नव्हे. कन्याकुमारीकडच्या त्या कोळीवाड्यात चर्चच्या कचेरीत बसायचं, बाप्तिस्मे, लग्नं, मयती संगणकात भरायच्या, कपाळाला बाम चोळायचा, एवढंच तिचं जग. पण त्या वादळानंतर तिनं सरकारी कचेरी डोक्यावर घेतली, आणि घेतली ते बरंच केलं!

वादळात गावातले कोण कोण समुद्रावर होते, ती यादी तिनं घरोघर फिरून केली. सरकारची यादी वेगळी, ठिकठिकाणच्या बंदरांत सुखरूप लागलेल्यांची. दोन्ही जुळवायच्या. पार रत्नागिरीपर्यंतच्या कारकुनांनी कानाला लागलं तसं लिहिलेलं. सूसै म्हणजे तमिळमधला जोसेफ; त्याचा कुठे सुसाई, कुठे थेट जोसेफ. मटिल्डा फोन लावून लावून नावाला माणूस जोडत होती. जे उरतील त्यांना शोधायला जहाज जाणार होतं.

संध्याकाळी सरकारी कचेरीतून निरोप आला, "तुमच्या गावचं कुणीही बेपत्ता नाही."

मटिल्डाच्या दारात गावातली जसिंता उभी होती. "अक्का, मग माझा माणूस कुठाय?"

थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, ही तिकडची रीतच. अंतोणी आणि अडिमै सख्खे भाऊ, दोघांचेही थोरले सूसै. आडनाव नाहीच, बापाचं आद्याक्षर नावाआधी लावायचं; म्हणून दोघेही अ. सूसै. अंतोणीचा मोठ्या बोटीवर होता, तो रत्नागिरीला लागला. जसिंताचा नवरा म्हणजे अडिमैचा. तो एकटाच लहानशा कट्टुमरमवर, ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावर गेलेला, आलाच नव्हता. मटिल्डानं बापांची नावं वेगळ्या रकान्यात नीट भरली होती. कचेरीतल्या शहाण्यानं तो रकानाच उडवला, आणि तेच नाव दोनदा दिसतंय म्हणून एक ओळ पुसून टाकली. एका बटणात जिता माणूस साफ!

सकाळी उजाडताच ती जसिंताला घेऊन कचेरीत धडकली.

साहेब पेरियसामी म्हणाले, "अहो बाई, जुळलंय सगळं. आकडा वरिष्ठांकडे गेलाय. आता कशाला घोळ?"

"साहेब, तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"पेरियसामी. का?"

"आणि थोरल्या काकांच्या मुलाचं?"

साहेब हळूच म्हणाले, "पेरियसामीच."

"तो घरी आला की तुमच्या बायकोनं तुमची वाट बघायची नाही, असं ठरलंय का?"

टेबलाटेबलांवरून खसखस पिकली. जसिंता मात्र हसली नाही. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. ओळ परत घातली, पण वरून मंजुरी येईस्तोवर आणखी एक दिवस गेला. लाज वाटायला हवी होती मेल्यांना!

जहाज निघालं त्याच दिवशी कट्टुमरम सापडलं. अडिमैच्या सूसैनं स्वतःला दोरीनं त्याला बांधून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, "जीव आज पहाटेच गेलाय."

शवपेटी चर्चमध्ये येण्याआधी कचेरीतून फोन आला. "बाई, आम्ही आधी वर धाडलेल्या यादीत तुमचा अ. सूसै अजून 'सुखरूप'च आहे; ती नोंद तेवढी बदलून पाठवा. आकडे जुळत नाहीयेत."

"नाही बदलणार," मटिल्डा म्हणाली. "तुमच्या यादीत तो परवापासून घरी आलाय. जसिंता दारात बसलीय. या, आणि आणून द्या तिला."