मोहरीची रेघ

जगातल्या कशावरही आणि कुणावरही विश्वास न ठेवता एखादं माणूस इतक्या समाधानात जगू शकतं, हे आमच्या समोरच्या काकूंची गाठ पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. लोक देवावर तरी विश्वास ठेवतात, नाहीतर डॉक्टरवर, नाहीतर निदान घड्याळावर. काकूंच्या घरात घड्याळं दोन होती, एक बाहेरच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात, आणि दोन्हींत किती फरक पडतो ते त्या रोज सकाळी एका वहीत लिहून ठेवत. आम्ही नेरूळला नवीन राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाचं मधलं वर्ष होतं. इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांच्यामधले रस्ते अजून कागदावरच होते. बेलापूरच्या सरकारी कचेरीत मी कारकून होतो आणि लग्नाला सहा महिने झाले होते. सामानाचा टेम्पो खाली उभा असतानाच काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हटलं, कराडचे. संध्याकाळी त्यांनी माझ्या बायकोला, सुनंदाला, गच्चीवर गाठून तोच प्रश्न केला. ती म्हणाली, साताऱ्याकडचे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. काकू वही घेऊन उभ्या. "तुम्हा दोघांच्या उत्तरात पन्नास किलोमीटरचा फरक येतोय," त्या म्हणाल्या. "एवढा चालत नाही."

पुढे कळलं की यात काकूंचा स्वभाव निम्मा आणि नोकरी निम्मी. खाडीपलीकडे मुंबईत एका प्रयोगशाळेत त्या वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसत होत्या. फोटोच्या फिल्मवर असतो तसलाच लेप, पण चांगला जाड, काचेवर दिलेल्या प्लेटा तिथे परदेशातून यायच्या. तिकडच्या कुठल्याशा अवाढव्य यंत्रापुढे त्या ठेवलेल्या असत. त्यांच्यातून अणूहूनही बारीक कण गेले, की प्लेट धुतल्यावर त्यांच्या वाटेवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा उमटत. त्या रांगा शोधायच्या, मोजायच्या आणि प्रत्येकीवर संशय घ्यायचा, हे काकूंचं काम. ही रांग खरी की धुळीचा कण? हा चरा की बुडबुडा? या दोन रेघा एकमेकींना खरंच भेटतात, की एक वरच्या थरात आणि दुसरी खालच्या थरात असून नुसत्या भेटल्यासारख्या दिसतात? वीस वर्षं हेच प्रश्न विचारल्यावर माणूस दूधवाल्याकडे वेगळ्या नजरेने कसं बघणार?

शिरवण्याहून एक कोळीण मासे घेऊन यायची. सगळ्या बिल्डिंगला तिचा आवाज ठाऊक, पण तिला फाटकातून आत येताना आपण एकदाही पाहिलेलं नाही, हे काकूंच्या मनात बसलं होतं. "टोपली एकदम दारातच दिसते. तू येतेस कुठून?" त्यांनी तिला एकदा उभं करून विचारलं. कोळीण टोपली खाली ठेवून कंबरेवर हात देत म्हणाली, "बाय गो, जिन्यानशीच आयलू. मना काय पंख हायेत? तुमचा कोनावच इस्वास नाय!" काकूंनी मान डोलावली, मासे घेतले, आणि पुढच्या वारी त्या खिडकीत वही घेऊन बसल्या. कोळीण मागच्या पडक्या कुंपणातून येत होती. ते कुंपण दुरुस्त व्हावं म्हणून त्यांनी सोसायटीला अर्ज केला, आणि त्याला एक नकाशा जोडला.

न्यूट्रिनो नावाचं प्रकरण मला त्यांनीच समजावून दिलं, तेही भररस्त्यात. सोसायटीने इमारतीभोवती सिमेंटचा कोबा घातला होता आणि तो ओला असताना त्यावर कावळा नाचून गेला होता. सेक्रेटरी कपाळाला हात लावून उभे होते. काकू मात्र साडीचा घोळ सावरून उकिडव्या बसल्या आणि आनंदाने म्हणाल्या, "बघा, पावलं इथे मधूनच सुरू होतात. इथपर्यंत एकही खूण नाही. का? कारण इथपर्यंत तो हवेत होता. न्यूट्रिनो तसा. येताना खूण ठेवत नाही. कुठे आदळला, तर तिथून बाकीचे कण उधळतात आणि त्यांच्या रेघा दिसतात. आम्ही त्याला तारा म्हणतो. सगळ्या रेघा बाहेर जाणाऱ्या, आत येणारी एकही नाही, असा तारा सापडला की समजायचं, हे महाशय येऊन गेले." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडे यांचं तसंच आहे." 'हे' म्हणजे काका. काका इतके मऊ आणि मुके होते की ते घरात आहेत की नाहीत हे टीपॉयवरच्या रिकाम्या कपावरून ओळखावं लागे. त्यांच्या चेहऱ्यावरून राग, लोभ, खरं, खोटं काही म्हणता काही कळत नसे. "एवढी वर्षं झाली लग्नाला," काकू म्हणाल्या, "यांचा माग लागत नाही."

त्यांच्या कामातली एक पद्धत मात्र त्यांनी घरीदारी सगळीकडे लावली होती, आणि पुढचं रामायण घडलं ते त्या पद्धतीपायीच. एकच प्लेट दोघींनी बघायची. दोघींनी वेगवेगळी बघायची. पहिलीला काय सापडलं ते दुसरीला सांगायचं नाही. मग वह्या समोरासमोर ठेवायच्या. शेजारच्या मायक्रोस्कोपवर ज्या बाई बसत, त्यांच्याबरोबर काकूंनी वर्षानुवर्षं एका डब्यातून जेवण केलं, एकमेकींच्या मुलींची बारशी केली, पण प्लेटेबद्दल चकार शब्द काढला नाही.

एका संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या आणि खुर्चीवर बसल्या. आधी खुर्चीचे पाय तपासायचे विसरल्या, तेव्हाच मला शंका आली. त्यांना प्लेटेत एक तारा सापडला होता. आत येणारी रेघ नाही, म्हणजे न्यूट्रिनोचा. आणि त्यातून निघालेली एक रेघ केसाच्या जाडीएवढंच अंतर सरळ जाऊन एकदम वाकली होती. "म्हणजे एक कण जन्मला, एवढासा चालला आणि मोडला," त्या म्हणाल्या. "असले अल्पायुषी कण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतात. वीस वर्षांत मला पहिला दिसला." मी अभिनंदन करायला उठलो, तर त्यांनी हाताने बसवलं. "प्लेट शेजारच्या बाईंनीही बघितली. त्यांच्या वहीत तो नाही." मग त्या म्हणाल्या, "आणि महिनाभर झाला, मला दिव्याभोवती धुकं दिसतंय."

एवढं बोलल्यावर काकूंचा चेहरा जसा झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. जगावर संशय घेऊन झाला होता, आता उरल्या होत्या त्या स्वतः. डोळा गेला असेल, तर तो वाक गेला, आणि वाकाबरोबर मायक्रोस्कोपही गेला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याची त्यांची तयारी होती, पण त्याआधी त्यांना स्वतःचा पुरावा हवा होता. "डॉक्टर एकटाच बघतो," त्या म्हणाल्या. "त्याचं कोण तपासणार?"

मग त्यांनी परीक्षा ठरवली. रोज संध्याकाळी मी पांढऱ्या ताटात मोहरीच्या दाण्यांची एक रेघ मांडायची, कधी सरळ, कधी मध्येच जरा वाकवलेली, आणि जी मांडली असेल ती चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. काकू डावा डोळा झाकून, ठरलेल्या अंतरावरून उजव्या डोळ्याने बघणार आणि सरळ की वाकडी ते सांगणार. मी बरोबर की चूक एवढंच म्हणायचं. त्या गेल्यावर सुनंदाने तेच ताट बघून आपली चिठ्ठी टाकायची. "आणि नवऱ्याला सांगायचं नाही," काकूंनी तिला बजावलं. पहिल्या दिवशी मी सरळ रेघ मांडली. काकूंनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "वाकडी. सहाव्या दाण्यापाशी." मी चिठ्ठी अजून लिहिली नव्हती. त्या माझ्याकडे बघत होत्या. आमच्या घरात येऊन खुर्चीचे पाय तपासणारी ती बाई माझ्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत होती, की मी कान खाजवत म्हटलं, "बरोबर, काकू." आणि त्यांची पाठ वळल्यावर चिठ्ठीवर 'वाकडी' लिहिलं.

आठ दिवस हे चाललं. कधी त्यांचं उत्तर खरंच बरोबर यायचं, तेव्हा मला इतकं बरं वाटायचं की मी चहा टाकायला सांगायचो. चुकलं की मी चिठ्ठी त्यांच्या उत्तरासारखी लिहायचो. आपण एक चांगलं काम करतो आहोत अशी माझी पक्की समजूत होती. सुनंदाही माझ्यासारखीच मनाने मऊ, तीही सांभाळून घेत असेल, असं मी धरून चाललो होतो. विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं नाही असं ठरलं होतं, आणि माझी बायको दिलेला शब्द पाळते हे मला त्या आठवड्यात कळलं.

रविवारी काकूंनी आमच्या टेबलावर डबा उपडा केला. भिंगाने एकेक चिठ्ठी वाचून दोन रांगा लावल्या. काका नेहमीप्रमाणे कोपऱ्यात होते किंवा नव्हते. "आठ तुमच्या, आठ सुनंदाच्या," काकू म्हणाल्या. "पाच ठिकाणी जुळत नाही." बाहेर खाणीवरून येणारे डंपर धडधडत होते. "आमच्याकडे असं झालं, तर आम्ही म्हणतो, दोघांतला एक जण प्लेटेकडे बघतच नाहीये." मग हळूच त्यांनी विचारलं, "सरळ होती ना रेघ?"

मी मान खाली घातली.

"सरळ रेघेला सरळ म्हणायला तुमचं काय जात होतं हो?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "रोज तुम्ही बरोबर म्हणालात, म्हणून मी रोज जाऊन मायक्रोस्कोपवर बसले. आठ दिवसांच्या प्लेटा आता कुणाला तरी पुन्हा बघाव्या लागतील."

सोमवारी त्यांनी प्रयोगशाळेतल्या साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, की माझा डोळा भरवशाचा नाही, माझा तारा वहीतून काढा. साहेबांनी त्यांना मायक्रोस्कोपवरून उठवून प्लेटांची कपाटं लावायला दिली. वहीतला तारा मात्र खोडला नाही, फक्त त्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. काकू सुनंदाशी बोलत, तिच्याकडून कढीपत्ता नेत, माझ्याशी मात्र बोलत नसत. जिन्यात समोर आलो, तर त्या भिंतीकडे तोंड करून रंगाचा पोपडा तपासत. चार महिने मी त्या जिन्यातून चोरासारखा गेलो. लोकांना संशयाने छळणाऱ्या या बाईने आता माझ्यावर साधा संशयसुद्धा घेऊ नये, हे मला फार लागलं. मी त्यांच्या हिशेबी बघण्यालायकच राहिलो नव्हतो.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर हिरवी झापड आली, चष्मा बनून यायला अवकाश होता आणि डावा डोळाही त्याच वाटेवर होता. एका दुपारी बेल वाजली. दारात काकू, हातात फोडलेलं पाकीट. सुनंदा आत भाजी निवडत होती, मी तिला हाक मारायला वळलो.

"तिला नको," काकू म्हणाल्या. "तू वाच."

इतक्या दिवसांत त्यांनी मला 'तू' म्हटलेलं नव्हतं. पत्र साहेबांचं होतं, मुंगीएवढ्या अक्षरातलं. तिसऱ्या एका मुलीला काही न सांगता ती प्लेट दिली होती. तिला तारा सापडला. नंतर साहेबांनी स्वतः मोजून पाहिलं. रेघ वाकते, काकूंनी लिहिलं होतं त्याच जागी, त्याच खोलीवर. तो कणच होता. निबंध छापायला जाईल तेव्हा आभारात काकूंचं नाव असेल. डोळा तेव्हा धड होता. धुक्याच्याही आत तो धड होता.

मी वाचून संपवलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. काकू झापडीखालून माझ्याकडे बघत होत्या.

"पुन्हा सुनंदाकडून वाचून घेऊ का?" मी विचारलं. "जुळतंय का बघायला?"

"कशाला? तू खोटं बोललास की डावा कान खाजवतोस. आठ दिवसांत पाचदा खाजवलास, माझ्या वहीत आहे." त्या दाराची चौकट धरून हसल्या. "आत्ता हात पत्रावरच होते."

"काकांकडून नाही वाचून घेतलंत?"

"यांनी चांगलं तेच वाचलं असतं आणि मला पत्ता लागला नसता. यांचा माग लागत नाही. तुझा लागतो." एवढं बोलून त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली, घडीच्या कडा जुळतात का ते बोटाने तपासलं, आणि समोरच्या दारात गेल्या. मी दार लावून घेतलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. चार महिने छातीवर असलेलं काहीतरी उतरलं होतं, आणि सुनंदा आतून काय झालं म्हणून विचारत होती.

निवृत्त झाल्यावर काकू-काका मुलीकडे नाशिकला गेले. जाताना त्यांनी आमच्याकडे ठेवायची आपल्या घराची किल्ली मला एकदा आणि सुनंदाला एकदा अशी दोनदा समजावून सांगितली. तिथे काका वारले ते त्यांच्या पद्धतीनेच, कुणाला कळू न देता. दोन वर्षांनी काकूही गेल्या. आता नेरूळला रस्ते झाले आहेत, कुंपणं धड आहेत, आणि समोरच्या ब्लॉकात राहणारं जोडपं मी सांगेन ते सगळं खरं धरतं. फार सज्जन माणसं आहेत. त्यांच्याशी बोलताना कधी थोडं इकडचं तिकडे केलं, की माझा हात आपोआप डाव्या कानाशी जातो, आणि तो जातोय हे बघणारं समोर कुणी नसतं.