तक्रारी थांबल्या तेव्हा

माझा एक वर्गमित्र भूकंपानंतर शिकायला लातूरला आला आणि लातूरचाच झाला. पुढे मी उदगीरला गणिताचे क्लास सुरू केले, तो लातुरात फिजिक्स शिकवू लागला. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि दर रविवारी कुठे ना कुठे टेस्ट असायची. पोरांनी गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिका तपासता तपासता आमचे डोळे जायची वेळ आली होती. बड्या क्लासांकडे त्यासाठी मशिनं होती, आमच्याकडे लाल पेन.

मग याने एक सॉफ्टवेअर लिहिलं. साध्या स्कॅनरवर चालायचं आणि फुकट होतं. शिवाय कोड सगळ्यांना उघडा. ज्याला समजतं त्याने आत शिरून दुरुस्ती करावी आणि ती सगळ्यांना द्यावी. समजणारे थोडे होते, चुका काढणारे मात्र उदंड. देगलूरपासून हिमायतनगरपर्यंतचे मास्तर त्याला फोन करून झापायचे. फिकट रंगवलेला गोल दिसत नाही, कागद तिरका गेला की अडतं, एक ना दोन. हा वैतागायचा आणि आठवड्याभरात दुरुस्त करून द्यायचा. फोन आला नाही तर त्यालाच करमत नसे.

काही वर्षांनी एका कंपनीने ते सॉफ्टवेअर ताब्यात घेतलं आणि यालाही नोकरीवर घेतलं. त्याने मला सगळं नीट समजावून सांगितलं. फुकट आहे ते फुकटच राहणार, कोडही उघडाच राहणार, आणि शिकवण्यातून उरलेल्या वेळात जे करत होतो ते आता दिवसभर करता येणार. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मास्तर मंडळींनीही चांगलं झालं म्हणून त्याचं अभिनंदन केलं.

वर्षभराने तो पेढे घेऊन घरी आला. तक्रारी जवळपास बंद झाल्या होत्या आणि त्याचे साहेब खूश होते. मी पेढा खाल्ला, पण मला काही ते पटेना. पोरं तशीच, पेनं तीच, कागद तोच, मग चुका गेल्या कुठे? मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. नवरा म्हणतो, ही पोलिसात शोभली असती.

मुखेडला ओळखीच्या एक केमिस्ट्रीच्या मॅडम होत्या. कोड समजणाऱ्या थोड्यांपैकी त्या एक, आणि पूर्वी सगळ्यात जास्त फोनही त्यांचेच. एका लग्नाच्या निमित्ताने तिकडे गेले तेव्हा मुद्दाम त्यांच्या क्लासवर डोकावले. कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर चालू होतं, पण जुनं, कंपनीच्या आधीचं. मी विचारलं तर त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कंपनीला दुरुस्ती पाठवायची तर आधी एक अट मान्य करावी लागते, की ही दुरुस्ती यापुढे कंपनीच्या मालकीची. कुणी त्यावरून भांडलं नाही. कुणी अट मान्यही केली नाही. जुनी प्रत घेऊन मंडळी आपसांत दुरुस्त्या करत राहिली.

मग सरांना एक फोन तरी करायचा, मी म्हणाले.

“आम्ही सरांना बोलायचो ते आपलं माणूस म्हणून. आता फोन केला की तो कंपनीत जातोय. कंपनीला काय बोलायचं?”

मला हसू आलं आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं. ज्या शांततेचे पेढे त्याने वाटले होते, ती सगळी माणसं उठून गेल्याची शांतता होती. मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो दुखावला. माझ्यावर विश्वास नाही का त्यांचा, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मी म्हटलं, मला काय विचारतोस, चल, त्यांनाच विचार.

आम्ही मुखेडला गेलो. मॅडमनी चहा दिला आणि उत्तरपत्रिकांचा एकच गठ्ठा दोन्ही सॉफ्टवेअरवर तपासून दाखवला. कंपनीच्या सॉफ्टवेअरने अगदी फिकट गोल सोडून दिले, मंडळींनी दुरुस्त केलेल्या जुन्याने बरोबर पकडले. त्याची कळी खुलली. हे कुणी केलं, कसं केलं, असं विचारत तो पार स्क्रीनला नाक लावून बसला. दुखावल्याचं विसरूनच गेला. बघता बघता त्याला एक चूक सापडली. टेस्टमधला एखादा प्रश्न रद्द झाला तर त्याचे गुण सगळ्यांना मिळायला हवेत, पण जुनं सॉफ्टवेअर ते फक्त सोडवणाऱ्यांना देत होतं. त्याचा हात आपसूक कीबोर्डकडे गेला.

मॅडमनी कीबोर्ड हळूच स्वतःकडे ओढला.

“सर, तुम्ही सांगा. मी करते.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर हाय. पण आता तुम्ही हात लावला तर ती दुरुस्ती कुणाची व्हईल, तेवढं सांगा.”

तो माझ्याकडे बघू लागला. मी काय बोलणार? नोकरीला लागताना त्याने काय लिहून दिलं होतं ते त्यालाच माहीत.

“कंपनीची,” तो म्हणाला.

त्याने खुर्ची थोडी बाजूला घेतली, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि चूक कुठे आहे ते तोंडी सांगू लागला.