बसायची हौस

आख्ख्या परभनी जिल्ह्यात बसून गवत कापनारा पयला मानूस मीच. आता माजी बायको माज्याआधी दोन सालापसून बसूनच गवत कापायली व्हती, पन ती उकिडवी, खुरपं घिऊन, म्हनून ते बसनं कोनी मोजलं न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन सालं झाली व्हती. दुष्काळात आमी नवरा-बायकोनं खडी फोडली, आन मंग पोखर्नीच्या रस्त्याला एका फारमावर रोजानं लागलो. फारमावर सायबाचा बंगला, बंगल्यापुढं गवताची हिरवळ, पार खाली तळ्यापोत्तर उतरत गेलेली. पाच बाया वळीनं बसून ती खुरप्यानं कापायच्या. त्यात माजी एक. मी पानी सोडायचो, आन पानी वाहतंय तवर उभ्या उभ्या बायांला हसवायचो. त्या हसायच्या बी. मला वाटायचं माज्या बोलन्याला हसायल्यात.

एका दिवशी ट्रकातून मशीन आलं. दूध न भेटलेलं ट्रॅक्टरचं पिल्लू बगा. चार चाकं, एक सीट, पुढं गोल इस्टेरिंग, मागं इंजन, आन पोटाखाली पत्र्याचं पालथं टोपलं. टोपल्यात पातं गरगर फिरनार आन गवत कापनार. सायब म्हनला, "कोन चालवील?"

फारमाचे ट्रॅक्टर चालवनारे चाचा एक पाऊल मागं सरले. तवाच मला कळायला पायजे व्हतं. पन माजा हात वर गेलेला.

सायब म्हनला, "तुला वाचता येतं का?"

"न्हाई सायब. पन त्याला तरी कुठं येतंय?"

समदे हसले. सायब न्हाई हसला. म्हनला, "म्हैनाभर शीक. म्हैन्यानं शनवारी मी सोता बगनार. कुनाला इजा न करता धड चालवलंस तर सीट तुजी. ड्रायव्हर म्हनून कायम करतो. न्हाईतर शहरातून मानूस आनीन."

कायम! आमच्यात आजापसून कोनी कायम झालं नव्हतं, आन सीटवर तर कोनीच बसलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात सासरवाडीला जाऊन सांगून आलो का मी ड्रायव्हर झालो. बायकोनं जुन्या गोधडीचा तुकडा कापून सीटवर टाकायला गादी शिवली. काही बोलली न्हाई, पन शिवली. म्हंजे तिलाबी वाटत असंल, असं मी धरून चाललो.

शिकवायला चाचा. मशीनीसंगं एक पुस्तक आलं व्हतं, ते सायबानं चाचाला वाचून दाखवलं, आन चाचानं मला. "मुंडी नको हलवू, बोटं पुढं कर," चाचा म्हनले. आन एकेक बोट धरून सांगितलं. आंगठा: बसायच्या आधी समदी जागा पायानं फिरून दगड, काड्या, हाडकं येचायची. दुसरं: उतारावर खाली-वर जायचं, आडवं जायचं न्हाई, उलटतं. तिसरं: आपल्याबिगर मशीनीवर कोनी न्हाई अन काही न्हाई. चवथं: उतरायचं तर आधी पातं बंद, मंग इंजन बंद, मंग पाय खाली. करंगळी: इंजन गरम असंल तर पेट्रोल घालायचं न्हाई.

पाचच बोटं. तोंडपाठ केली. रोज जेवताना भाकर मोडायच्या आधी मी बोटं मोजायचो, आन बायको ताटाकडं बगत बसायची.

आता तुमी म्हनसाल, पाच बोटांत काय अवघड हाय. चवथं बोट! त्या चवथ्या बोटानं माजा जीव घेतला. इंजन चालू करायला मागं एक दोरी व्हती, ती वढायची. कधी चार झटक्यात, कधी पंदरा झटक्यात. चालू झालं का मी बसायचो, दहा पावलं जायचो, का पुढं दगड. पातं बंद, इंजन बंद, उतरा, दगड फेका, दोरी वढा, वढा, वढा. बसा. दहा पावलं. लिंबाची काडी. पातं बंद, इंजन बंद, उतरा. माजा सीटवर बसायचा येळ कमी आन दोरी वढायचा जास्त. दुपारपोत्तर खांदा उतरायचा. बाया पल्याड सावलीला बसून बगायच्या. एक म्हनली, "दाजी, तुमी मशीन चालवायलात का हिरीतून पानी शेंदायलात?"

चाचा म्हनले, "अरे बावा, पहिल्या बोटाचं केलंस तर चवथ्याची गरज पडत न्हाई. आधी फिर, समदं येच, मंग बस."

पन हे मला पटंना. आपल्या रानात कोन आधी फिरतंय? वखर चालू असतो, दगड दिसला का उचलला, धुऱ्यावर फेकला, बैलं आपली चालूच. मी बापापसून हेच बगितलेलं. जागा फिरायची म्हंजे वाकायचं, आन वाकायचं तर मंग सीट कशाला?

दुसऱ्या बोटाचंबी तसंच. उतारावर गाडी असली का शहाना मानूस आडवी घेतो, बैलांच्या मानंवर वझं येत न्हाई. मी मशीन आडवं घेतलं. वरल्या अंगाचं चाक हळूच उचललं, आन माजं काळीज त्याच्यासंगं. चाचानं पळत येऊन वरल्या अंगानं दाबून धरलं. "बैलगाडी समजा क्या?" म्हनले. मी म्हनलं, "चाचा, बैलाला तरी कळतंय, मी येडा हाय म्हनून. ह्याला तेबी कळंना."

आन एवढं मरून गवत कापायचं कसं? वरवर. न्हाव्यानं उधारीवर केल्यावानी. सायब एका संध्याकाळी हिरवळीवरून चालत गेला आन म्हनला, "बाया ह्याच्यापेक्षा खालून कापत व्हत्या." बस, एवढंच. माज्या अंगाचा तिळपापड झाला. म्हैना सरत आलेला, आन पाच खुरपी माज्या मशीनीला भारी!

मी लय इचार केला. करायला नको व्हता. आमच्यात वखराची पास जमिनीत शिरंना तर काय करतेत? वर दगड ठेवतेत, न्हाईतर लेकरू बसवतेत. वझं आलं का लोखंड खाली दबतं. लहानपनी मीच बापाच्या वखरावर बसलेला हाय, धुरळा खात. मंग हे पत्र्याचं टोपलं तरी कशाचं दबत न्हाई?

शनवारी सकाळी फुटक्या जात्याची खालची तळी आनली, आन पायापाशी त्या टोपल्यावर ठिऊन सुंभानं करकचून बांधली. बायको खुरपं घिऊन चाललेली, ती थांबली.

"तिसरं बोट कोनतं व्हतं?" ती म्हनली.

"तिसरं बोट मानसाचं. हा दगड हाय."

"काहीच न्हाई बसवायचं म्हनले व्हते चाचा."

"वखर मी हाकलाय का तू?"

"वखराखाली पातं गरगर फिरत न्हाई," ती म्हनली, आन जाऊन आपल्या वळीत बसली. परीक्षा असली तरी कडंचं गवत बायांलाच कापावं लागायचं, मशीन तिथं जातच नव्हतं.

सायब वट्ट्यावर खुर्ची टाकून बसला. चाचा बाजूला उभे. मी दोरी वढली, आन काय सांगू, पयल्याच झटक्याला इंजन चालू! म्हैन्यात कधी झालं नव्हतं. मला वाटलं, आज देवच बसलाय मागं. मी निघालो, सरळ, खाली-वर, आडवं न्हाई. आन गवत खरंच खालून कापायलं. एकदम बारीक. मी सायबाकडं बगून हसलो बी.

मंग पातं मातीला लागलं. खर्रर्र झालं, धुरळा उठला. मशीनीला हादरा बसला तसा सुंभ ढिला पडला आन त्याचं टोक टोपल्याखाली गेलं. पात्यानं ते धरलं, गुंडाळलं, आन जात्याची तळी माज्या पायाखालून सरकायली. ती पात्याखाली गेली असती तर तिचे तुकडे बायांच्या वळीवर गेले असते. एवढं मला त्या घडीला कळलं. खरंच कळलं. पन पुढं काय करायचं, ते हाताला न्हाई आठवलं. बैलगाडीवरून उतरतो तसा मी चालत्या मशीनीवरून खाली उडी टाकली आन तळी दोन्ही हातानं बाहीर वढली. पातं चालू. इंजन चालू. मशीन चालू. माज्या पायाच्या आंगठ्यात आन पात्यात चार बोटाचं अंतर राहिलं असंल, चाचा म्हनतेत दोन.

तळी घिऊन मी पालथा पडलो, आन मशीन माज्याबिगर तळ्याकडं निघालं. म्हैनाभरात इतकं सरळ ते कधीच गेलं नव्हतं.

बाया वरडत बाजूला झाल्या. वाटंत त्यांनी कापलेल्या गवताचा ढीग व्हता, त्यात मशीन घुसलं आन अडकलं. चाकं जागच्या जागी फिरायली, पातं गवत उधळायलं. चाचा वट्ट्यावरून पळाले, पन ते लांब. माजी बायको जवळ व्हती. ती पुढून न्हाई गेली, बाजूनं न्हाई गेली. मागून गेली. आधी पात्याचा दांडा वढला. मंग इंजन बंद केलं. मंग लुगड्याचा पदर खोचला आन मागं सरली.

सायब खाली आला. त्यानं माज्याकडं बगितलं न्हाई. तिला म्हनला, "तुला कोनी शिकवलं?"

"हे रोज जेवताना बोटं मोजतेत," ती म्हनली. "आयकून आयकून पाठ झालंय."

चाचा मशीनीपाशी बसून सुंभ सोडवायले. सोडवता सोडवता त्यांनी सीटच्या बाजूच्या एका दांड्यावरून माजं भाकरीचं गठुडं काढलं आन ईचारलं, "हे काय हाय?"

"भाकर," मी म्हनलं.

"भाकर न्हाई. हा दांडा." चाचानं दांडा एक खाच खाली वढला. टोपलं आपोआप खाली बसलं. आनखी एक खाच, आनखी खाली. दगड न्हाई, सुंभ न्हाई. मी म्हैनाभर त्याच्यावर माजी भाकर टांगत व्हतो, मला वाटलं त्याच्यासाठीच दिलाय.

"मला कोनी सांगितलंच न्हाई," मी म्हनलं.

"तू ईचारलंस का?" चाचा म्हनले. "मी तुला जीव वाचवायचं शिकवलं. तेच पुरं झालं न्हाई तुला."

सायबानं सीटवरची गोधडीची गादी उचलली, झटकली, आन माज्या हातात दिली. मंग चाचाला म्हनला, "शहरातल्या मानसाला निरोप धाडा." मी गादी छातीशी धरून उभा. आंगठ्यातून रगत न्हाई, काही न्हाई, पन गादी सोडवंना. सायबाला वाटलं असंल मी आता रडतो. आवाज जरा खाली घिऊन म्हनला, "आता ह्याला काय काम देऊ?"

कोनाला ईचारलं ते कळलं न्हाई. माजी बायको जाऊन पुन्हा आपल्या जागी बसली व्हती, हातातलं खुरपं चालू झालं व्हतं. मान वर न करता ती म्हनली,

"बसायची लय हौस हाय त्यांला, सायब. एक खुरपं शिल्लक हाय. बसवा आमच्या वळीत."